चित्रछाप आणि ग्राहक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून मुंबईस येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ यांची रंगीत चित्रे चिकटविलेली असत. १९०१ च्या शिरगणतीनुसार हिंदुस्थानात शेकडा सुमारे ५ लोकच साक्षर होते. साहजिकच गिरणीचे नाव वाचण्यापेक्षा चित्र ओळखणे ग्राहकास सुलभ होते. चित्र हेच मालाचे नाव बनले. ‘हत्ती छाप’, ‘वाघ छाप’ असे सामासिक प्रयोग व्यवहारभाषेत रूढ झाले.

परंतु चित्र हे कापडाच्या कसाचे प्रमाण नव्हे. मिळतेजुळते चित्र लावून हलका माल खपविता येई. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स अॅक्टाने खोटे व्यापारी वर्णन दंडनीय ठरविले आणि आयात ताग्यावर लांबीचे वार ठळकपणे छापणे आवश्यक केले. मात्र इंग्रजी अंकांत! ज्यांच्या रक्षणार्थ हे अंक छापले जात, त्यांपैकी बहुतेकांस ते वाचता येत नसत. त्यामुळे कायद्यानंतरही ग्राहकाचा विश्वास चित्रावरच राहिला. चिन्हांच्या नोंदणीचा कायदा पुढे १९४० साली झाला.

‘छाप’ म्हणजे ठसा, आणि ‘छाप’ म्हणजे मनावरील प्रभावही. मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावले आहेत. बाजारातही त्यांची फारकत क्वचितच होत असे.