टिटॅनियम रोपणांवरील पृष्ठप्रक्रिया

हाडात बसवायच्या टिटॅनियमच्या दंतरोपणांना व कृत्रिम सांध्यांना हाडाने लवकर आणि घट्ट धरावे, यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर केलेले यांत्रिक व रासायनिक संस्कार. मध्ये तंतुमय ऊतीचा थर न येता हाड व धातू थेट जुळणे म्हणजे ऑसिओइंटिग्रेशन. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी सशांच्या हाडांवरील प्रयोगांतून ही घटना ओळखली आणि १९६५ साली माणसाच्या जबड्यात अशी रोपणे प्रथम बसविली.

रोपण बसविताच मिळणारी पकड केवळ आट्यांची असते. आट्यांलगतचे जुने हाड झिजत असताना नवे हाड पुरेसे तयार झालेले नसल्याने पहिल्या काही आठवड्यांत ही पकड सैलावते, आणि पृष्ठप्रक्रियेचे खरे मोल याच नाजूक काळात कळते. प्रचलित पद्धतीत ॲल्युमिनाचे पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराचे कण वेगाने मारून पृष्ठावर मोठे खळगे पाडतात. नंतर हायड्रोक्लोरिक व सल्फ्यूरिक आम्लांच्या गरम मिश्रणाने त्या खळग्यांच्या आत सूक्ष्म खाचा कोरल्या जातात. रक्ताची गुठळी आकसताना तिच्यातील फायब्रिन या प्रथिनाचे तंतू गुळगुळीत धातूवरून सहज सुटतात, पण येथे ते खाचांत अडकून राहतात. त्यांच्या आधाराने अस्थिजनक पेशी धातूपर्यंत पोचतात आणि हाड थेट रोपणावरच घडू लागते. डॅनियल बुझर व सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या, लहान जातीच्या डुकरांवरील प्रयोगात विद्युत्-रासायनिक पद्धतीने चकचकीत केलेल्या रोपणांच्या २०–२५ टक्के पृष्ठाला, तर अशा प्रक्रियेच्या रोपणांच्या ५०–६० टक्के पृष्ठाला हाड लागलेले आढळले.

हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या हायड्रॉक्सीॲपेटाइटचा प्लाझ्माने दिलेला लेप हाडाला याहूनही अधिक मानवतो, मात्र तो धातूपासून सुटण्याचा धोका राहतो. विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड व सच्छिद्र करणे हा आणखी एक मार्ग होय.

पृष्ठाची रासायनिक स्वच्छताही तितकीच महत्त्वाची आहे. हवेतील कार्बनी संयुगे बसून टिटॅनियम पाणी झटकू लागते. म्हणून काही रोपणे मिठाच्या द्रावणात बुडवूनच बंद करतात, तर काहींवर बसविण्यापूर्वी अतिनील किरण सोडतात.

खडबडीतपणा मात्र मर्यादेतच हितावह ठरतो. उंचसखलपणा सरासरी एक ते दोन मायक्रोमीटर असावा, असे सामान्यतः मानले जाते. हिरडी मागे सरकून असे पृष्ठ तोंडात उघडे पडल्यास त्यावर जिवाणूंचा थर सहज साचतो आणि तो साफ करणे कठीण जाते. त्यामुळे अनेक दंतरोपणांचा हिरडीतून जाणारा गळ्याचा भाग मुद्दाम गुळगुळीत ठेवतात.