साथ सरल्यावर उरलेलें दुखणें

साथीच्या रोगांचा इतिहास लिहितांना बहुधा दोनच आंकडे मांडले जातात : किती दगावले आणि किती बरे झाले. जो मेला त्याची दप्तरांत नोंद होते; जो वांचला तो बरा झाला असें गृहीत धरून त्याचें नांव वहींतून कमी करण्यांत येतें. परंतु वांचणें आणि बरें होणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याच्या घरीं एखादें माणूस तापांतून उठलें पण पुन्हां पूर्वीसारखें उभें राहिलें नाहीं, त्यास हें सांगावयास नको. ह्या तिसऱ्या वर्गाचा इतिहास अद्यापि विस्कळित आहे. त्यांतील एक प्रकरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. दुखणें खरें कीं खोटें हें कोणीं ठरवावें व कोणत्या पुराव्यावर ठरवावें, हा प्रश्न त्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

लंडनचें रॉयल फ्री रुग्णालय विल्यम मार्सडेन ह्या शस्त्रवैद्यानें १८२८ सालीं स्थापिलें. त्या काळीं इस्पितळांत प्रवेश मिळविण्यास एखाद्या वर्गणीदाराचें शिफारसपत्र लागे; मार्सडेननें ती अट काढून टाकली. पुढें १८७७ सालीं ह्याच रुग्णालयानें स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांतील विद्यार्थिनींस आपलीं दालनें खुलीं केलीं, आणि लंडनमधील इतर इस्पितळांनीं दारें लावून घेतलीं असतां तें स्त्री-वैद्यांचें माहेरघर बनलें. दादाजी भिकाजींच्या खटल्यामुळें महाराष्ट्रास परिचित असलेल्या डॉ. रखमाबाई १८८९ सालीं विलायतेस गेल्या त्या ह्याच विद्यालयांत, आणि रॉयल फ्री रुग्णालयांतहि त्यांचें शिक्षण झालें.

१३ जुलै १९५५ रोजीं येथील एक निवासी डॉक्टर व एक मुख्य परिचारिका अशीं दोघें अंथरुणास खिळलीं. पाठोपाठ इतकीं माणसें पडलीं कीं २५ जुलै रोजीं रुग्णालय बंद करावें लागलें. तें उघडलें ५ ऑक्टोबरला. (ह्याच अवधींत, सप्टेंबरमध्यें, इकडे रखमाबाई निवर्तल्या.) नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत कर्मचारीवर्गापैकीं २९२ जण आजारी झाले, त्यांपैकीं २५५ जणांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. खाटांवर आधींपासून असलेल्या रोग्यांपैकीं फारच थोड्यांस बाधा झाली. रोगानें गांठलें तें सेवा करणाऱ्यांस. घशाचा दाह, डोकेदुखी, मानेच्या गांठी सुजणें, कणकण, घेरी, स्नायूंत वेदना व दुर्बलता, हातापायांस बधिरता अशीं लक्षणें होतीं. मेंदूभोंवतालचा द्रव तपासला तो बहुतेकांचा निर्दोष निघाला. रोगजंतु शोधला तो सांपडला नाहीं, व आजतागायत सांपडलेला नाहीं. पुष्कळ जण कालांतरानें कामावर परतले. परंतु कांहींचें दुखणें वर्षांनुवर्षें अंगांत मुरून राहिलें.

१९५६ सालीं ह्या रोगास जें लांबलचक नांव सुचविण्यांत आलें त्याचा आरंभ ‘सौम्य’ ह्या अर्थाच्या विशेषणानें होत होता. सौम्य कां ? तर कोणी मेलें नाहीं म्हणून ! वैद्यक मृत्यूस किती सहज मापदंड मानतें ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. जिला जिन्याच्या दहा पायऱ्या चढून खालीं बसावें लागे त्या परिचारिकेस ‘सौम्य’ हा शब्द कसा वाटला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. तें विशेषण पुढें वैद्यांनींच गाळलें.

रोगाचें शारीरिक स्वरूप सर्वमान्य होऊं पाहत होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६९ सालीं त्याची गणना मज्जासंस्थेच्या रोगांत केलीहि होती. इतक्यांत, १९७० सालीं, मॅकेव्हडी व बिअर्ड ह्या दोघां मानसचिकित्सकांनीं ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत असें प्रतिपादन केलें कीं, ही साथ म्हणजे सामुदायिक हिस्टेरिया होय. त्यांचीं मुख्य प्रमाणें दोन : रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक झाला, आणि तपासणींत ठोस कांहीं आढळलें नाहीं. त्यांनीं जुनीं टिपणें चाळलीं होतीं. प्रत्यक्ष रोग्यांस भेटून प्रश्न मात्र विचारले नव्हते.

हीं प्रमाणें कितपत टिकतात तें पाहूं. स्त्रियांचें प्रमाण अधिक होतें ही गोष्ट खरी, व ती लपविण्याचें कारण नाहीं. परंतु स्त्रियांस अधिक होणारे रोग शारीरिक नसतात असा नियम कोणी केला ? स्वतःच्याच देहावर उलटणारे संधिवातासारखे कित्येक विकार स्त्रियांस अधिक होतात. त्यांस कोणी भ्रम म्हणत नाहीं. दुसरें प्रमाण तर आमच्या मतें प्रमाणच नव्हे. उपकरणास कांहीं दिसलें नाहीं ह्यावरून उपकरणाची मर्यादा सिद्ध होते. रोग्याच्या अंगीं कांहींच नाहीं हें सिद्ध होत नाहीं.

ह्या वादास पुढें प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार मिळाला. ऑस्ट्रेलियांतील डब्बो ह्या गांवच्या परिसरांत तीन भिन्न संसर्गांनीं आजारी पडलेल्या २५३ रोग्यांवर संशोधकांनीं आरंभापासून लक्ष ठेविलें. त्यांचा वृत्तान्त २००६ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर सुमारें १२ टक्के रोगी दीर्घ थकव्यानें ग्रस्त राहिले. आणि कोण तसा राहील हें ठरविणारी गोष्ट होती मूळ दुखण्याची तीव्रता. रोग्याचा स्वभाव वा मागील मानसिक इतिहास ह्यांवरून तें सांगतां येत नव्हतें. आपल्याकडे चिकुनगुन्याचें उदाहरण आहे. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें त्याची साथ आली, व २००५ नंतर तर त्यानें देशभर ठाण मांडलें. ताप चार दिवसांत जातो, पण सांधे महिनोन्महिने, कित्येकांचे वर्षांनुवर्षें, धरलेले राहतात. येथें विषाणु ठाऊक आहे आणि वांकलेलें शरीर दिसतें, म्हणून वाद होत नाहीं. ज्याचें दुखणें दिसत नाहीं त्यास मात्र साक्षीदार आणावा लागतो.

असा साक्षीदार रॉयल फ्रीच्या रोग्यांस डॉ. मेल्व्हिन रॅम्झी ह्यांच्या रूपानें लाभला. ते तेथीलच संसर्गरोगतज्ज्ञ. त्यांनीं पुढें अनेक वर्षें ह्या रोगाचा पाठपुरावा केला. अल्प श्रमानंतरहि स्नायूंची शक्ति परत येण्यास तीन ते पांच दिवस वा अधिक लागतात, हें त्यांनीं मुख्य लक्षण मानलें. नोकरी करणाऱ्यास हेंच सर्वांत घातक. सोमवारीं तो चांगला दिसतो, काम उरकतो. आणि बुधवारीं अंथरूण धरतो. वरिष्ठास सोमवार दिसतो, बुधवार दिसत नाहीं. ‘हळूहळू श्रम वाढवा’ हा उपदेश अशा रोग्यांस अनेक वर्षें केला जात होता. इंग्लंडच्या नाइस ह्या आरोग्यविषयक संस्थेनें २०२१ सालीं ठराविक क्रमानें व्यायाम वाढविण्याची ती शिफारस मागें घेतली.

२०२० सालीं कोव्हिडची साथ आली तेव्हां हीच कथा पुन्हां घडली. सौम्य रोगी सुमारें दोन आठवड्यांत बरा होतो असें प्रारंभीं सांगण्यांत येत असे. ज्यांचे दोन आठवडे संपेनात त्यांनींच ती समजूत खोटी ठरविली. ‘लाँग कोव्हिड’ हें नांव मे २०२० मध्यें एलिसा पेरेगो ह्या इटालियन पुरातत्त्वविदुषीनें प्रथम वापरलें. त्या स्वतः रुग्ण होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२१ मध्यें त्याची व्याख्या केली. आजारी पडलेल्यांत डॉक्टर व परिचारिका ह्या वेळींहि पुष्कळ होत्या. मात्र आतां जगभर एकाच वेळीं लक्षावधि लोक तेंच सांगत होते, व त्यांचा आवाज दाबणें सोपें नव्हतें. रॉयल फ्रीच्या २९२ जणांपाशीं हें संख्याबळ नव्हतें.

आमची सूचना साधी आहे. पुढील साथ येईल तेव्हां मृतांच्या व बरे झालेल्यांच्या आंकड्यांशेजारीं तिसरा रकाना पहिल्या दिवसापासूनच आंखला जावा. आणि ‘अजून बरें वाटत नाहीं’ असें जो म्हणेल त्याचें नांव, कारण सांपडेपर्यंत न थांबतां, त्यांत लिहिलें जावें. कारण शोधणें हें वैद्याचें काम आहे. तें सिद्ध करण्याचा भार दुखणेकऱ्याच्या शिरावर टाकणें न्यायाचें नव्हे.