पन्नास रुपयांची अट

रोज सकाळी धायरीच्या धारेश्वराला जाऊन यायचे, हा माझा निवृत्तीनंतरचा नेम. एके दिवशी परतताना शेजारची मुलगी भेटली. विद्यापीठात पाली घेऊन एम. ए. करते. तिच्या वहीत गोल गोल अक्षरांच्या ओळी होत्या. जणू जिलब्यांचा घाणाच!

"आजोबा, ही बर्मी लिपी. भाषा पालीच आहे, पण म्यानमारमध्ये ती अशी लिहितात. आई मात्र विचारते, याचा उपयोग काय?"

वाटेत उभ्याने देण्याजोगे ते उत्तर नव्हते. आज फराळाचे ताट पुढे घेऊन सारे घर बसले आहे, तेव्हा सांगतो.

पाली घडली आपल्याच भूमीत. पुढे बुद्धवचनाबरोबर ती सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात, सयामात गेली आणि तिथल्या विहारांची विद्याभाषा झाली. तिला स्वतःची लिपी नाही. ज्या देशी गेली, त्या देशीचे लेणे तिने अंगावर घातले. मंडालेच्या मिंडोन राजाने १८६८ पर्यंत सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरविले. सयामच्या चुलालंकरण राजाने ते १८९३ साली ३९ खंडांत छापविले. आपल्याकडे मात्र तिचे नावही बहुतेकांच्या कानी नव्हते. मिंडोनचा मुलगा थिबा १८८६ पासून १९१६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, रत्नागिरीत इंग्रजांचा कैदी होता. त्याचा राजवाडा आपण हौसेने पाहून येतो. त्याच्या देशाची विद्या कोणती, हे किती जणांनी विचारले असेल?

विचारले ते गोव्यातल्या सांखवाळच्या एका तरुणाने. धर्मानंद कोसंबी त्यांचे नाव. जन्म १८७६ चा. पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून १८९९ साली ते घराबाहेर पडले. पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकले, १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचून पाली शिकले, मग ब्रह्मदेशात गेले. या विद्येची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या घरानेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

परतल्यावर कलकत्त्यात पाली शिकविण्याची चांगली नोकरी मिळाली. तोच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी विचारले: महाराष्ट्रात राहाल, वर्षाला एक पुस्तक लिहून द्याल, तर दरमहा पन्नास रुपये देऊ. कलकत्त्याचा पगार कितीतरी मोठा. पण आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा, हीच तर त्यांची ओढ होती. त्यांनी पन्नास रुपये पत्करले.

मध्यंतरी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले. वॉरन या पंडिताने बर्मी आणि सिंहली हस्तलिखितांवरून 'विसुद्धिमग्ग' संपादायला घेतला होता. तो १८९९ साली वारला आणि काम अर्धे राहिले. ते धर्मानंदांनी हाती घेतले. ती आवृत्ती निघाली १९५० साली. धर्मानंद १९४७ सालीच सेवाग्रामला निवर्तले होते. एवढे समाधान की, त्यांची नागरी आवृत्ती १९४० साली त्यांच्या हयातीतच मुंबईत छापून झाली होती.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. तिथले त्यांचे शिष्य पु. वि. बापट पुढे स्वतः पालीचे नामांकित प्राध्यापक झाले. एका दिव्यावर दुसरा लागतो, तसे झाले.

१९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि वर्गातली पाली लाखो मराठी घरांत वंदनेची भाषा झाली. त्याच वर्षापासून नालंदेहून त्रिपिटकाचे ४१ नागरी खंड निघू लागले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा त्याच यादीत पालीही होती. दोघी एका पंगतीत बसल्या.

तेव्हा, मुली, आईला सांग: आपलेच धन शेजाऱ्यांनी शतकानुशतके जपून ठेवले. ते परत घ्यायचे, तर त्यांची अक्षरे शिकायला नकोत का?