‘राज्य येवो’ : एका मागण्याची कुळकथा

बळीप्रतिपदेच्या पहाटे, आभाळात चांदण्या असतानाच, खालापूर पेट्यातील आमच्या आजोळची म्हातारी एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात काठ उसवलेले जुने सूप घेऊन माजघराच्या कोपऱ्यापासून केर लोटीत निघे. आणि ओटी, पडवी, अंगण ओलांडून तो केर उकिरड्यापाशी जाऊन पडला, की केरसुणीच्या मुठीने सुपावर ठोके देत ती म्हणे, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ त्या दिवसांत भात नुकते खळ्यावर आलेले असे, खंडाची मापे घालावयाची बाकी असत, आणि सावकाराच्या वहीतील आकडा पावसाळ्यात वाढलेला असे. तेव्हा येणारे राज्य म्हणजे काय, हे तिला कोणा शास्त्र्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका ख्रिस्ती स्नेह्याच्या आग्रहावरून मी रविवारच्या उपासनेस जाऊन बसलो असता, येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेली म्हणून जी प्रार्थना सारी मंडळी एका सुरात म्हणतात, तीत ‘राज्य’ हाच शब्द आणि ‘येवो’ हेच क्रियापद माझ्या कानी पडले, आणि आजोळच्या सुपाचा आवाज मला त्या देवळात ऐकू आला. दोन्ही ठिकाणचा राजा निराळा, मागणाऱ्यांचा धर्म निराळा. पण मागणे मराठीच्या एकाच साच्यातून निघालेले. या साच्याचे कूळ कोणते आणि मूळ कोणते, याचा शोध घेण्याची इच्छा तेव्हापासून मनात होती.

ख्रिस्ती शब्दाचे मूळ गाव पॅलेस्टाईन. इब्री भाषेत ‘मलखूत’, येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, त्याचेच भावंड, आणि नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत ‘बासिलेया’. या शब्दांत चतुःसीमा आखलेल्या प्रदेशापेक्षा राजाचे राजेपण, त्याची चालू असलेली सत्ता अधिक अभिप्रेत आहे. रोमन अमलाखाली भरडल्या जाणाऱ्या यहुदी प्रजेला अभिषिक्त राजाची, मशीहाची, प्रतीक्षा होती. त्या प्रतीक्षेच्या भर बाजारात येशूने सांगितले की देवाचे राज्य जवळ येऊन ठेपले आहे. जवळ म्हणजे किती जवळ, या एका प्रश्नावर पुढची दोन सहस्र वर्षे वाद चालला. शुभवर्तमानांत ते राज्य मोहरीच्या दाण्यासारखे नकळत वाढते, पिठातल्या खमिरासारखे आतून फुगते, आणि दुसरीकडे विजेसारखे एकाएकी, ख्रिस्ताच्या पुनरागमनासमवेत, न्यायनिवाड्यासह येते. प्रकटीकरणाच्या ग्रंथात सहस्र वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. तो अक्षरशः घ्यावा की लक्षणेने, यावरून पंथच पंथ निर्माण झाले. अमेरिकेत विल्यम मिलर याने केलेल्या गणितावरून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस मुक्रर झाला. कित्येकांनी शेतातले उभे पीक तसेच ठेवून आकाशाकडे डोळे लावले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नित्याप्रमाणे उगवला. विसाव्या शतकात आल्बर्ट श्वाइट्झर यांनी म्हटले की येशूला ते राज्य अगदी नजीकच्या भविष्यात अपेक्षित होते, सी. एच. डॉड यांनी म्हटले की ते त्याच्या कार्यातच अवतरले होते. आणि बहुतेक चर्चने मधला मार्ग पत्करला, की राज्याचा प्रारंभ झाला आहे, पूर्णता व्हावयाची आहे.

हे सारे ओझे घेऊन हा शब्द मराठीच्या दारी आला, तो समुद्रमार्गे. १५७९ साली गोव्यास उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्यात त्याने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा आपल्याकडचा रुळलेला शब्द निःसंकोच योजला. पण वैकुंठाला आपण जातो. वैकुंठ आपल्याकडे येत नाही. येणारे काही सांगावयाचे तर दुसरा शब्द हवा होता. पुढे बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी याने वैजनाथ पंडिताच्या साह्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत आणला. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी तेच काम पुढे चालविले.

या भाषांतरांच्या परंपरेत दप्तरी भाषा किती सहज मिसळली आहे, हे पाहण्यासारखे आहे. देव आणि मनुष्य यांच्यातील संबंधाला ‘करार’ म्हटले, करवसुली करणाऱ्या मत्तयाला ‘जकातदार’ केले, आणि मुक्तीला ‘तारण’ हा शब्द दिला. तारण म्हणजे तारून नेणे, हा संस्कृत अर्थ खरा. पण बैलजोडी किंवा शेताचा तुकडा तारण ठेवून बी-बियाणे उचलणाऱ्या कुळाच्या कानी त्याच शब्दातून सावकाराची पेढीही ऐकू येत असली पाहिजे. मूळच्या राजसत्तेला ‘अंमल’ हा शब्द अधिक जवळचा होता; पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असे आपण म्हणतो, त्यात भूमीपेक्षा चालत्या हुकमाचे भान असते. परंतु अंमल नशेचाही चढतो, आणि तो प्रायः परक्याचा असतो. अखेर मान मिळाला तो ‘राज्य’ या शब्दाला.

आणि हा शब्द बोरघाटाखालच्या आमच्या मुलखात रिकामा नव्हता. शिवछत्रपतींनी फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाच्या फौजेला जेथे कोंडले, ते उंबरखिंडीचे रान खालापूर तालुक्यातच आहे. तेव्हा येथे राज्य म्हटले की स्वराज्य आठवे. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल त्याच स्वराज्यासाठी आझाद दस्ता घेऊन या डोंगरांत फिरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले. आणि या दोहोंच्या तळाशी, कोणत्याही बखरीत न नोंदलेले, दरवर्षी सुपावर ठोके देऊन मागितले जाणारे बळीचे राज्य होतेच. बळी पूर्वी होऊन गेला, त्याला पाताळात घातले, तो परत येणार आहे. राजा गेला, राजा येईल, ही प्रतीक्षेची घडण मराठी कुणब्याला मिशनऱ्याकडून शिकावयाची नव्हती.

हे दोन प्रवाह प्रथम एकत्र आणले ते जोतीराव फुले यांनी. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’त बळीराजाला शूद्रातिशूद्रांच्या न्यायी राजाचे स्थान दिले, आणि येशू ख्रिस्तालाही बळीच्याच पंक्तीस बसविले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण कोणाही धर्मोपदेशकाला न साधलेले काम त्यांनी केले. परदेशातून आलेल्या शब्दाला त्यांनी गावचे वतन दिले.

दुसरे वळण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. आगगाडीशी त्यांचे नाते विलक्षण होते; १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या या कवीला मिशनचा कारभार, त्यातील पगार आणि साहेबी शिस्त हळूहळू जाचू लागली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास जी मंडळी स्थापली, तिचे नाव ‘देवाचा दरबार’. राज्य हा शब्द हाताशी तयार असता त्यांनी फारसीतून आलेला दरबार का निवडला? ‘दर’ म्हणजे दार. राज्य दूरवर पसरलेले असते, प्रजेला राजाचे मुख दिसेलच असे नाही; दरबारात मात्र फिर्यादी समोर उभा राहतो आणि राजा ऐकतो. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त रुजू होऊ शकत. यावयाच्या राज्याची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याची कचेरी आजच उघडावी, असाच तो विचार दिसतो. ती कचेरी फार दिवस चालली नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले.

तिसरे वळण अलीकडचे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाने आपल्या सभास्थानाला मराठीत ‘राज्य सभागृह’ आणि नियतकालिकाला ‘टेहळणी बुरूज’ हे नाव दिले. घरोघर फिरून येणाऱ्या राज्याची वर्दी देणारा हा पंथ आणि त्याचा ‘बुरूज’ हा शब्द ऐकला, की आमच्याकडच्या, कर्जतच्या माणसाला राजमाचीचा किल्ला आठवल्यावाचून राहत नाही. कोंदिवड्याहून चढून जावे, तो श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बोरघाटावर नजर रोखून उभे. बुरुजावर बसणे आणि वाट पाहणे यांचा मराठीतला संबंध त्या दगडांनीच जुळवून ठेवला आहे.

वाट पाहणे हा कर्जतचा धर्मच म्हणावा. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाट खुला झाला. या घाटाच्या चढणीवर बहुतेक गाड्या रेटावयास मागून जादा इंजिने लागतात, आणि ती कर्जतला जोडली जाईपर्यंत पुण्याकडे जाणारा उतारू वडा खात खिडकीशी बसतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी असाच खिडकीशी बसलो असताना, कुंपणापलीकडच्या मैदानात लपंडाव खेळणाऱ्या मुलांतला एक भांडत होता, ‘माझ्यावर राज्य का? मघाशीच होतं की!’ जन्मभर कानांवर पडलेला हा प्रयोग मला त्या दिवशी प्रथम ऐकू आला. बळीचे, शिवरायांचे, देवाचे, अशा सर्व राज्यांच्या गोष्टी थोरांनी लिहून ठेवल्या. पण राज्य येते म्हणजे नेमके काय होते, हे मराठी पोरांनी खेळातच ठरवून टाकले आहे. ज्याच्यावर राज्य येते त्याला सिंहासन मिळत नाही, लपलेल्यांना हुडकण्याचे काम मिळते. आणि शंभरांतले एक मेंढरू हरवले म्हणून नव्याण्णव रानात सोडून निघालेल्या मेंढपाळाचा दाखला ज्याने दिला, त्यालाही राज्य याहून फार निराळे अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही.

इंजिन जोडल्याचा धक्का बसला, गाडी हलली. खिडकीतून पाहिले तेव्हा त्या पोराचे भांडण मिटले होते. खांबाला कपाळ टेकून, डोळे मिटून तो मोठ्याने आकडे मोजीत होता.