माशीच्या घराण्यातली गाठ

१९८० साली हायडलबर्गच्या क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीच्या विकृत अळ्यांची यादी प्रसिद्ध केली. एका जातीच्या अळीत अंगावरचे खंड एकाआड एक बिघडलेले. त्या जनुकाला नाव मिळालं ‘पेअर्ड’. पुढे आणखी एक अळी सापडली, डोक्याशी दोन टोकदार सुळके असलेली. तिचं जनुक ‘फोर्क हेड’.

या दोन्ही जनुकांच्या घराण्यांतले मानवी भाऊबंद १९९३ मध्ये एकाच गाठीत जोडलेले सापडले, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. गाठ होती रॅब्डोमायोसार्कोमाची, म्हणजे मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या मऊ ऊतींच्या कर्करोगाची. फिलाडेल्फियात फ्रेडरिक बार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्या गुणसूत्रावरचं, पेअर्ड घराण्यातलं पॅक्स३ तुटून तेराव्यावरच्या, फोर्क हेड घराण्यातल्या फॉक्सओ१ला चिकटतं. कधी पॅक्स३च्या जागी पहिल्या गुणसूत्रावरचं पॅक्स७ असतं.

यात माशीचं काय, नावंच तेवढी तिची, असं कोणी म्हणेल. शिवाय या जोडणीत फॉक्सओ१चा फोर्कहेड भागच मधोमध तुटतो, हेही खरं. पण पॅक्स३चा डीएनए पकडणारा ‘पेअर्ड’ भाग शाबूत राहतो. गर्भात स्नायूंच्या पूर्वज पेशींना हातापायांकडे जायला लावणाऱ्या जनुकाचा हा हात, आणि मागे जनुकं जोरात चालू करणारी फॉक्सओ१ची शेपटी. या जोडप्रथिनाचा दंगा कुठे चालायचा हे माझ्या मते माशीशी समाईक असलेला तो हातच ठरवतो.

१९५० च्या दशकापासून या कर्करोगाचे एम्ब्रिओनल आणि अल्व्हिओलर हे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले जात. फुप्फुसातल्या वायुकोशांसारख्या पोकळ्या दिसल्या की अल्व्हिओलर. पण काही अल्व्हिओलर गाठी भरीव असतात, तर काही एम्ब्रिओनल गाठी इतक्या दाट की अनुभवी पॅथॉलॉजिस्टही फसावेत. पॅक्स-फॉक्सओ१ जोडणी मुख्यतः अल्व्हिओलर गाठींत सापडते, म्हणून आता बायोप्सीच्या कापावर फॉक्सओ१च्या दोन बाजूंना लाल आणि हिरवे चमकणारे ठिपके चिकटवतात. जनुक अखंड असेल तर ते एकमेकांना खेटून पिवळसर दिसतात, तुटलं असेल तर दूर सरकतात.

अल्व्हिओलर दिसणाऱ्या साधारण पाचातल्या एका गाठीत ही जोडणी नसतेच. पोकळ्यांवरूनच प्रकार ठरवावा असं म्हणणाऱ्यांना हा मोठाच पुरावा वाटेल. पण अशा गाठी एम्ब्रिओनलसारख्याच वागतात, हे २०१० मधल्या अभ्यासाने दाखवलं. म्हणूनच आज मुलाला किती कडक उपचार द्यायचे हे ठरवताना पोकळ्यांपेक्षा जोडणी आहे की नाही याला जास्त वजन मिळतं.