खंदकातील हिवाळा (भारतीय पायदळ, फ्रान्स, १९१४-१५)

पहिल्या महायुद्धात लाहोर आणि मेरठ या भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या. पुष्कळ जवानांच्या अंगावर सुती खाकी होती आणि गरम कपडे पुरेसे मिळण्याआधीच ते आघाडीवर पोचले. जिव्हाँशी, फेस्तुबेर, नव्ह शापेल हा मुलूख सखल, चिकणमातीचा. दोन-तीन फूट खणले की पाणी लागे. म्हणून अनेक ठिकाणी खंदक खोल नेण्याऐवजी मातीच्या पोत्यांचे बांध उभारावे लागले. त्या हिवाळ्यात गोळीइतकेच या पाण्याने माणसांना जायबंदी केले. दिवसचे दिवस ओल्या बुटांत राहून पाय सुजत, बधिर होत, काही वेळा सडत, कापावेही लागत. पायांना चरबी चोळणे आणि कोरडे मोजे चढवणे हे पुढे पहाऱ्याइतकेच सक्तीचे झाले.

पहाटे आणि तिन्हीसांजेला हल्ल्याची धास्ती अधिक, म्हणून सगळे संगिनी लावून सज्ज राहत. दिवसा डोके वर काढणे जिवावरचे. चिखलाने अडकलेली रायफल पुसायची आणि जमेल तेवढी झोप घ्यायची. पाणी उपसणे, ढासळलेले बांध सावरणे, तारा ठोकणे, शिधा आणणे ही कामे अंधारात चालत. शिध्यात कणीक, डाळ, तूप, गूळ असे. मांसासाठी जिवंत बोकड-मेंढ्या पुरवून झटका आणि हलाल यांची वेगळी सोय ठेवलेली होती.

हातबाँब अपुरे होते. सॅपर्स, म्हणजे लष्करातील अभियंता जवान, मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटके आणि लोखंडाचे तुकडे भरून ते बनवत. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये मराठेही होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या तिसऱ्या सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीसोबत नव्ह शापेल गावात घुसल्या आणि घराघरांतून लढल्या. खणण्या-बांधण्यात तरबेज अशी ही माणसे पायदळ म्हणून खर्ची पडली, हे नुकसान लवकर भरून येणारे नव्हते.

घरी जाणारी पत्रे बहुधा दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेली असत आणि सेन्सॉरच्या नजरेखालून जात. म्हणून काही जवान भारतीय सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणून गावाकडे खबर पोचवत: काळी मिरी संपत आली आहे. सेन्सॉरला हे कळत होते. त्याने उतरवून ठेवले म्हणूनच आज ती पत्रे वाचता येतात.

१९१५ च्या अखेरीस पायदळ फ्रान्समधून हलवले गेले. त्यातील बऱ्याच पलटणी मेसोपोटेमियाला गेल्या. भारतीय घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्येच राहिले.