शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, हें घरोघरीं ठाऊक आहे. पण शीत निवडावें कसें, हा प्रश्न १९३६ सालीं अमेरिकेंत ऐरणीवर आला. अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें टेलिफोन व मोटारी बाळगणारांच्या याद्या घेऊन सुमारें एक कोटि मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं, आणि लँडन विजयी होणार असें भाकीत झालें. निवडून आले रूझवेल्ट! जॉर्ज गॅलप यांनीं मात्र त्या मानानें थोड्याच, पण समाजाच्या सर्व थरांतील माणसांस विचारून अचूक कौल दिला होता. साप्ताहिकाचीं शितें पुष्कळ होतीं; तीं सारीं भांड्याच्या एकाच बाजूचीं होतीं.

त्याच वर्षीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत पीएच्. डी. झालेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्याचे. खटाव तालुक्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं त्यांचा जन्म झाला. सांगली जिल्ह्यांत पुढें गेलेले तासगांव व वाळवें हे तालुकेही तेव्हां साताऱ्यांतच होते. नमुना-पाहणीचें शास्त्र सुखात्मे यांनीं नेमन यांच्यापाशीं अभ्यासिलें. माणसांच्या मतांस लागू पडणारें तें शास्त्र त्यांनीं शेतांतील पिकास लाविलें.

पूर्वीं पिकाची आणेवारी नजरेनेंच ठरे. पूर्ण पीक सोळा आणे धरून अधिकारी अंदाज करीत, आणि साऱ्याची सूट त्यावर अवलंबून राही. अवर्षणाच्या मुलखांत एका आण्याचा फरकही शेतकऱ्यास जड जाई. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर तर धान्याचा खरा आकडा हा साऱ्या देशाचाच प्रश्न झाला. दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत १९४० पासून काम करणाऱ्या सुखात्मे यांनीं निराळी रीत रूढ केली: गांवें व शेतें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावीं, ठरीव मापाच्या तुकड्यांतील पीक कापावें, मळावें व तोलावें.

तुकडा किती मोठा असावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशीं मतभेद झाला. लहान तुकड्यानें खर्च वांचतो. परंतु त्यांत कडेचीं रोपें नकळत आंत धरलीं जातात व उत्पन्न फुगतें, असें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखविलें. असे तुकडे हजारों घेतले, तरी हा दोष जात नाहीं. 'डायजेस्ट'च्या फसगतीचें मर्मही हेंच होतें.

पुढें रोमच्या अन्न व कृषि संघटनेंत, जगांत उपाशी किती याची मोजदाद त्यांनीं याच काटेकोरपणें केली. १९७१ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. १९९७ सालीं ते निवर्तले. फुगलेल्या आकड्यानें कोठारें भरत नाहींत, हें अवर्षणाच्या मुलखांतील माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. सुखात्मे यांनीं तें गणितानें सिद्ध केलें.